चार पाय जमिनीवर

पाय पुसलेत ना? मग जरा खाली बघा. मीच बोलतोय, दारातला गोणपाट. माझ्यावर पाय देऊन आत जाणारे पुष्कळ, पण माझी विचारपूस करणारा एक नाही. म्हणून आज मीच तोंड उघडलं.

माझा जन्म बंगालकडच्या एका तागाच्या गिरणीत झाला. त्यातलं मला फारसं आठवत नाही. कळायला लागलं तेव्हा पोटात साखर होती आणि मी पुण्याजवळच्या मांजरी गावात, आप्पासाहेबांच्या घरात, कोठीच्या खोलीत उभा होतो. तेव्हा या घराच्या तिन्ही बाजूंना ऊस होता. आप्पासाहेब साखर कारखान्याचे सभासद, दिवाळीला सभासदांना साखर मिळायची, त्यातून मी आलो. पोटात साखर होती तोवर माझा थाट होता. मुंग्यासुद्धा भेटायला यायच्या.

साखर संपली आणि आप्पासाहेबांच्या पत्नी मथुराबाई मला उकिरड्यावर टाकायला निघाल्या. त्या दिवशी अंगणात दादामियाँ बसले होते. गावातल्या सगळ्यांच्या गाद्या तेच भरायचे. कापसाचे कण त्यांच्या दाढीत अडकलेले.

"वहिनी, टाकू नका ते," ते म्हणाले. "ताग चांगला हाय." त्यांनी माझी दुहेरी घडी घातली आणि गादीच्या दाभणानं चारी बाजूंनी घट्ट शिवण मारली. तेव्हापासून मी दारात आहे. पायपुसणं झालो, पण नीटनेटकं झालो, हे मी अभिमानानं सांगतो.

पुढे ऊस गेला, इमारती आल्या. आप्पासाहेबांचा मुलगा माधव खराडीला कंपनीत लागला. गाद्या दुकानातून तयार यायला लागल्या आणि दादामियाँचं दाभण डब्यात गेलं. पण त्यांचं येणं काही थांबलं नाही. दुपार कलली, नमाज झाली की ते यायचे. माझ्यावर पाय पुसायचे, ओसरीतल्या खुर्चीवर बसायचे. मथुराबाई दोन कप चहा ठेवायच्या. गप्पा म्हणाल तर थोड्याच. बराच वेळ दोघे म्हातारे रस्त्याकडे बघत बसायचे. सूर्य मावळायला आला की दादामियाँ उठायचे आणि इथूनच मशिदीकडे जायचे. अंगात पांढरा स्वच्छ कुर्ता-पायजमा. मी आयुष्यभर चिखल पाहिला, त्यामुळे पांढऱ्या कपड्याचं मला फार कौतुक.

मग माधवनं एक पिल्लू आणलं. नाव ठेवलं ब्रुनो. मथुराबाईंनी दुसऱ्याच दिवशी त्याचा बुरण्या केला.

बुरण्या गोड होता, पण दारात कोणी आलं की गोळीसारखा सुटायचा आणि पुढचे दोन्ही पाय त्याच्या अंगावर टाकायचा. आत आरडाओरडा सुरू व्हायचा. माधव म्हणायचा, "डाउन, ब्रुनो, डाउन!" आप्पासाहेब ओरडायचे, "मागं हो!" आणि आलेला पाहुणा, साडीवर पंजाचे ठसे किंवा पँटवर लाळ मिरवत, हसून म्हणायचा, "असू द्या हो, असू द्या. लहान आहे." वर त्याच्या डोक्यावरून हात फिरवायचा.

मी जमिनीलगत राहतो. मला माणसांचे चेहरे कमी आणि पाय जास्त दिसतात, म्हणून ही गोष्ट सगळ्यांत आधी माझ्या लक्षात आली. बुरण्या चारी पाय जमिनीवर टेकून शहाण्यासारखा बसलेला असे, तेव्हा त्याच्याकडे कोणी ढुंकून बघत नसे. दोन पाय उचलले की अख्खं घर त्याच्याशी बोलायला लागे. मग त्यानं काय करावं?

दादामियाँच्या अंगावरही त्यानं उडी मारली. ओलं तोंड थेट कुर्त्याला लागलं. दादामियाँनी कुर्त्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "असू द्या. मुकं जनावर हाय."

त्या दिवशी ते चहा अर्धा टाकून उठले. दुसऱ्या दिवशीही तेच झालं. मग दोन दिवसांआड यायला लागले, आणि नंतर आलेच नाहीत.

आप्पासाहेब रोज संध्याकाळी ओसरीत बसायचे. दुसरा कप निवायचा. त्यांनी आपल्या मनाशी एक कारण ठरवून टाकलं. माधवनं नुकतीच फोमची गादी आणली होती आणि दादामियाँनी भरलेली कापसाची गादी माळ्यावर गेली होती. "त्यानं ती बघितली असणार," आप्पासाहेब मथुराबाईंना म्हणाले. "म्हणून रुसला." त्यांनी ती जुनी गादी माळ्यावरून काढायला लावली आणि कंबर धरून तिच्यावर झोपायला लागले. पण मशिदीपर्यंत जाऊन विचारायचं काही त्यांना जमलं नाही. मोठ्या घरचे ना!

एकटे बसले की बुरण्या त्यांच्या मांडीवर पाय टाकायचा. चारचौघांत "मागं हो" म्हणून ओरडणारे हेच आप्पासाहेब तेव्हा त्याचे कान कुरवाळायचे. माझ्याशिवाय हे कोणी पाहिलं नाही.

एका दुपारी दादामियाँच्या पत्नी सुगराबी मथुराबाईंचा जेवणाचा डबा परत द्यायला आल्या. बुरण्या आत झोपला होता. मथुराबाईंनी विचारलं, "दादामियाँ बरं हायत ना? येईनात ते?"

सुगराबी माझ्यावर उभ्या होत्या. त्यांच्या पायाची बोटं माझ्यात रुतली, एवढं मला कळलं. "वहिनी, सांगू नको म्हणालेत. पण सांगते. कुत्र्याची लाळ लागली की त्या कपड्यावर नमाज होत नाही. इथून उठून घरी यायचं, कपडे बदलायचे, तोवर मशिदीतली नमाज निघून जाते. रोजचंच झालं हो."

आप्पासाहेब आतून बाहेर आले. "एवढंच? मग त्यानं सांगायचं नाही का?"

"तुमच्या घरचं जनावर. कुठल्या तोंडानं सांगायचं?" सुगराबी म्हणाल्या. मग हळूच म्हणाल्या, "आणि तुम्ही तरी कुठं विचारायला आलात?"



रात्रीच्या जेवणाला आप्पासाहेबांनी जाहीर केलं, "पिल्लू यवतला मेव्हण्याच्या मळ्यावर धाडतो." माधव घास तसाच धरून बसला. मथुराबाईंनी मात्र भाकरीचं ताट खाली ठेवलं. "त्याचं काय चुकलं? आल्यागेल्यानं असू द्या, असू द्या करत त्याचे लाड केले. आधी माणसं शिकवा."

शेवटी ठरलं की गणपती बसेपर्यंत बघायचं. तोवर बुरण्या शिकला तर राहील, नाहीतर यवत.

माधवनं मोबाइलवर बघून पद्धत सांगितली. उडी मारली की ओरडायचं नाही, ढकलायचं नाही. पाठ फिरवून गप्प उभं राहायचं. चार पाय खाली आले की लगेच लाड आणि भाकरीचा तुकडा. "आणि त्याला एक जागा पाहिजे, आप्पा. कोणी आलं की तिथं जाऊन बसायचं." जागा म्हणून मला निवडलं. इतक्या वर्षांत मला पहिल्यांदाच कोणी 'जागा' म्हणालं.

मथुराबाईंना ते सहज जमलं. अवघड गेलं ते आप्पासाहेबांना. पहिल्या संध्याकाळी बुरण्या धावत आला आणि त्यांनी पाठ फिरवली. भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. पिल्लानं त्यांच्या धोतराला नख्या लावल्या, कुईंकुई केलं, पुढे जाऊन तोंड बघायचा प्रयत्न केला. आप्पासाहेब पुन्हा वळले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "कुणी पाठ फिरवली की कसं लागतं, मला ठावं हाय रे," ते पुटपुटले. "पर बस. बस बाबा." बऱ्याच वेळानं बुरण्या हिरमुसून माझ्यावर येऊन बसला. आप्पासाहेब खाली उकिडवे बसले आणि त्याचं डोकं त्यांनी पोटाशी धरलं.

पाहुण्यांना शिकवणं त्यांच्या स्वभावाला जास्त मानवलं. शेजारचे निवृत्त मास्तर दिगंबरराव आले, तर फाटकातच सांगून मोकळे झाले, "आत या. पण कुत्र्याकडं बघायचं नाही. असू द्या म्हणायची हौस असंल तर बाहेरनंच म्हणा आणि जावा." दिगंबरराव आठवडाभर रुसले होते. पण आले तेव्हा वर बघत आले.

गणपतीच्या आधी आप्पासाहेब स्वतः चालत दादामियाँच्या दारात गेले. काय बोलले ते मला ठाऊक नाही. फाटकातून दोघे आत येताना एवढंच ऐकू आलं, "डाग पडला तर मी स्वतः धुवीन. मथुरा नाही, मी."

बुरण्यानं पांढरा कुर्ता पाहिला. सुटला. माझ्या धाग्याधाग्यात धडकी भरली. आप्पासाहेबांनी भिंतीकडे तोंड केलं. बघवत नव्हतं म्हणा, किंवा सवयीनं. दादामियाँ जागच्या जागी उभे राहिले. त्यांच्यापासून हातभर अंतरावर पिल्लू थांबलं, पुढचे पाय उचलले गेले, आणि मग ते खाली आले. धावत येऊन तो माझ्यावर बसला. सगळं अंग थरथरत होतं, शेपटी मला झोडपत होती. इतका गोड मार मी कधी खाल्ला नाही.

"बसला," दादामियाँ म्हणाले.

आप्पासाहेब वळले. त्यांनी खुर्ची पुढे ओढली. चहा आला. दादामियाँनी एक घोट घेतला, कप खाली ठेवला आणि थोडा विचार करून म्हणाले, "आप्पा, एक सांगू? वहिनींना म्हणावं, साखर कमी टाका. पहिल्या दिवसापासून लई गोड होतो."

"इतकी वर्षं बोलला नाहीस?"

"असू द्या म्हटलं."

आप्पासाहेब इतके हसले की त्यांना ठसका लागला. सूर्य मावळला, अजान झाली. दादामियाँ उठले आणि त्याच कपड्यांत सरळ मशिदीकडे गेले.

आता माझी अवस्था तुम्ही बघताच आहात. बुरण्यानं एक कोपरा चघळला आहे. मथुराबाईंनी रबराची नवी मॅट आणली होती, पण दादामियाँनी मला धुऊन ठेवायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी दाभण घेऊन आले. त्यांना दिसत नाही म्हणून दोरा आप्पासाहेबांनी ओवला. शिवण वाकडी आली आहे, पण मला चालते.

तर जा आत. चहा गोड झाला असेल तर तसं सांगा. आणि बुरण्या इथं माझ्यावर बसलेला दिसला, तर तो बसलेला असतानाच त्याच्याकडे बघा. खाली बसलेल्याकडे कोणी बघत नाही, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार?