कागदाची उलटी बाजू

रोकडेबाईंना वर्गाचा कंटाळा कधीच आला नाही, पण सरकारी प्रशिक्षण म्हटलं की त्यांच्या कपाळाला आठी पडायची. त्यात ठाण्याचं ते प्रशिक्षण म्हणजे कहर होता. आंधळ्या मुलांनीही चारचौघांच्या शाळेत शिकावं अशी योजना नव्यानेच निघाली होती आणि उल्हासनगरच्या तीन नंबर कॅम्पातल्या नगरपालिकेच्या मराठी शाळेत एक आंधळी मुलगी होती, म्हणून बाईंना धाडलेलं. शिकवणाऱ्या सरांचा घसा बसलेला, डोक्यावरचा पंखा खडखडणारा, आणि बाईंना जागा मिळाली शेवटच्या बाकावर. त्यांच्या पदरात पडलं ते एवढंच: ब्रेल म्हणजे सहा ठिपक्यांची लिपी, जाड कागद पाटीत अडकवायचा, टोच्याने ठिपके पाडायचे आणि कागद उलटा केला की ते फुगीर ठिपके बोटांना लागतात. सर मधूनमधून ‘उजवीकडून डावीकडे’ असंही काहीतरी म्हणत होते. काय उजवीकडून, ते पंख्याच्या आवाजात बुडालं.

परत आल्यावर बाईंनी पहिला कागद टोचला. हाताला सवय डावीकडून लिहायची, तशीच त्यांनी ओळ टोचली, प्रशिक्षणात मिळालेल्या छापील तक्त्यात बघून एकेक अक्षर. मग कागद उलटा केला, तर ओळ उजव्या कडेपासून सुरू होत होती. बाई खूश झाल्या. सर म्हणत होते ते हेच तर, उजवीकडून वाचायचं.

दुसऱ्या एखाद्या गावात कुणाच्याही मनात पाल चुकचुकली असती. पण सिंध्यांच्या वस्तीत, तीन नंबरात, कशाला चुकचुकेल? शाळेच्या फाटकासमोर पापडाचं दुकान चालवणारे लछमनदासकाका रोज सकाळी सिंधी पेपर उघडून उजवीकडूनच वाचत बसायचे. बाईंनी त्यांना कागद दाखवला, तर म्हातारा हरखला. “ये तो अपनी सिंधी जैसाच है, बाई. बिलकुल सही है,” तो म्हणाला. झालं, शिक्कामोर्तब झालं.

आता खरी गंमत अशी की ब्रेल टोचायचं असतं उजवीकडून, अक्षरंही उलटी पाडत, म्हणजे कागद उलटल्यावर ते आपल्या मराठीसारखं डावीकडून वाचता येतं. बाईंचं सगळं आरशातल्यासारखं होऊन बसलं होतं. ओळ उलटी आणि अक्षरंही उलटी. पण हे त्यांना सांगणार कोण? सरकारकडून यायची ब्रेलची पुस्तकं कुठल्या गोदामात अडकली होती देव जाणे, आणि अख्ख्या तीन नंबरात बोटांनी वाचणारं दुसरं माणूस नव्हतं.

ती मुलगी म्हणजे बकुळा. तिची आई गयाबाई शाळेमागच्या जीन्सच्या कारखान्यात धागे कापायला जायची. शिवून आलेल्या पँटी उलट्या करायच्या आणि शिवणीवर लोंबणारे धागे कात्रीने उडवायचे, हे तिचं काम. शाळा सुटली की बकुळाही आईशेजारी पँटींच्या ढिगाला टेकून बसायची आणि राहिलेले धागे बोटांनी शोधून द्यायची. “पोरगी आंधळी हाय, पन बोटं लई तेज हायेत तिची,” असं गयाबाईंनीच पहिल्या दिवशी बाईंना सांगितलं होतं. बाईंना तेव्हा वाटलं, आईच ती, कौतुक करणारच.

पण तेज म्हणजे किती तेज, ते बाईंना एका दुपारी कळलं. अक्षरं ओळखून झाली होती. बाईंनी कागदावर फक्त ‘आई’ टोचलं आणि बकुळेचं बोट उजव्या कडेवर टेकवलं. बोट सरकलं, थांबलं, परत मागे गेलं. “आई,” ती म्हणाली. मग तिने तोच कागद गालाला लावला आणि परत म्हणाली, “आई. बाई, आई कागदात बसली की.” रोकडेबाईंच्या अंगावर सर्रकन काटा आला. इतकी वर्षं पोरांना अ आ इ शिकवलं, पण अक्षर म्हणजे एवढी मोठी गोष्ट असते हे त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा उमगलं. बाई फळ्याकडे तोंड करून उगाचच खडू शोधत राहिल्या.

मग दोघींनी धडाकाच लावला. बाई रात्रंदिवस टोचायच्या, बकुळा फडशा पाडायची. वर्गातली पोरं तिला ‘सिंधी बकुळा’ म्हणून चिडवायची आणि तीही ऐटीत “हां साईं” म्हणून उत्तर द्यायची.

आणि अशातच ती बातमी आली. योजनेतल्या मुलांची परीक्षा घ्यायला बदलापूरहून केणीसर येणार होते. मुलीला ब्रेल वाचता आलं तर तिचं नाव याच शाळेत राहील. नाही आलं तर लांबच्या अंधशाळेच्या वसतिगृहात पाठवायचं. गयाबाईंनी ऐकलं आणि तिथल्या तिथे सांगून टाकलं, “मी न्हाई धाडायची, बाई. इथं ऱ्हाऊन जमलं तर शिकंल, न्हाई तर माझ्याजवळ धागं तोडत बसंल.” म्हणजे प्रश्न या शाळेचा की त्या शाळेचा नव्हताच. बकुळेची शाळाच पणाला लागली होती. बाईंना मात्र घोर असा नव्हता. पोरगी घडाघडा वाचते, भ्यायचं कशाला?

केणीसर शेअर रिक्षातून उतरले तेव्हा हातातली पांढरी काठी बघून हेडमास्तर हिंदुराव गडबडलेच. परीक्षक स्वतः आंधळे असतील हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. धिप्पाड माणूस, बोलणं मऊ. खुर्चीत बसल्या बसल्या त्यांनी पिशवीतून स्वतःची पाटी काढली, कागद अडकवला आणि टकटक करत एक ओळ टोचली. कागद काढून, उलटून त्यांनी बकुळेपुढे ठेवला. “वाच, बाळ. सोपं आहे.”

बकुळेने सवयीने उजव्या कडेला बोट ठेवलं. बोट थोडं पुढे गेलं आणि अडखळलं. परत सुरुवातीला आलं, परत अडखळलं. अक्षरं तर लागत होती, पण भलतीच. सरळ लिहिलेला ‘ह’ तिच्या उलट शिकलेल्या बोटाला ‘ज’ लागत होता, ‘र’चा ‘ठ’ होत होता. ती ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटली, त्याला ना शेंडा ना बुडखा.

घाबरली असेल, रोकडेबाईंना वाटलं. “बकुळा, सावकाश वाच,” त्या म्हणाल्या. दारात उभ्या असलेल्या गयाबाईंनी पदर तोंडाशी नेला. हिंदुरावांनी खाकरून घेतलं आणि ते खिडकीबाहेर बघायला लागले.

केणीसर कान देऊन ऐकत होते. “राहू दे, बाळ,” ते हलकेच म्हणाले. “तुझा दोष नाही. तिकडे अंधशाळेत चांगलं शिकवतात.”

बकुळेने मान हलवली, नाही म्हणून. तिने कागदाची कड चिमटीत धरली, कडेवरून बोट फिरवलं आणि सरळ कागद पालथा घातला.

आता पालथ्या बाजूला काय असतं? ठिपके नसतात. टोच्याने पाडलेले खड्डे असतात, मोहरीएवढे. पण फुगीर बाजूला जे सरळ, ते खड्ड्यांच्या बाजूला उलट, अगदी रोकडेबाईंच्या ब्रेलसारखं. बकुळेने बोटाचं टोक नखापर्यंत टेकवलं आणि त्या खड्ड्यांतून ती उजवीकडून डावीकडे निघाली. मागच्या कारखान्यातल्या मशिनी धडधडत होत्या.

“बा… हेर,” ती म्हणाली. “बाहेर… ऊन आहे. घरात… आई आहे.”

केणीसरांचा चेहरा बदलला. त्यांनी हात पुढे केला, तिच्या बोटाखालचा कागद चाचपला आणि खड्डे हाताला लागल्यावर त्यांचा हात तिथेच थिजला. त्यांनी स्वतः वाचून बघितलं, एकदा, दोनदा. “मला नाही लागत,” ते म्हणाले. “लहानपणापासून बोटांनी वाचतोय मी. खड्डे मला नाही वाचता येत.” मग त्यांनी बाईंनी टोचलेला एखादा कागद मागितला. त्यावर बोट टेकताच त्यांच्या सगळं ध्यानात आलं आणि त्यांनी ते बाईंना समजावून सांगितलं, आवाज जराही न चढवता.

रोकडेबाई आपण टोचलेल्या कागदांकडे बघत राहिल्या. एवढे कागद, एवढे दिवस, आणि सगळं उलटं. पोरीने त्यांच्यावर डोळे मिटून विश्वास टाकला होता आणि त्यांनी तिला जगात कुठेच नसलेली लिपी शिकवली होती. लाजेने त्यांचा जीव अर्धा झाला. आणि त्याच वेळी त्या पोरीकडे बघताना छाती भरून येत होती, तेही त्यांना आवरेना. ज्या बाजूला वाचायला काही नसतं असं सगळं जग समजतं, त्या बाजूने ती वाचून आली होती.

“कागद उलटा करायचं तुला सुचलं कसं?” केणीसरांनी विचारलं.

“आईकडं पँटी येतात ना,” बकुळा म्हणाली. “वरून हात फिरवला तर काय कळत नाही. उलटी केली की सगळी शिवण कळते.”

गयाबाई दारातच खाली बसल्या.

“बाईंनी तुला उलटं शिकवलं, कळलं ना?” सरांनी जरा खट्याळपणे विचारलं. “राग नाही आला?”

बकुळेने थोडा विचार केला. “सुलट शिकवणारं कुणी आलंच नव्हतं, सर,” ती म्हणाली. “बाईच आल्या.”

केणीसरांनी पाटीत नवा कागद अडकवला आणि ते टोचायला लागले. पण या वेळी हात भरभर चालेना. जन्माची सवय मोडून ते डावीकडून टोचत होते, एकेक अक्षर मनात उलटं करून, मध्येच थांबत, चुकून स्वतःशीच हसत. बाईंना ते दिसलं आणि त्यांच्या डोळ्यांना धार लागली. शेवटी सरांनी कागद उलटला आणि फुगीर ठिपक्यांची बाजू बकुळेच्या हाताखाली सरकवली.

“काय लिहिलंय?” हिंदुरावांनी न राहवून विचारलं. ठिपक्यांकडे बघून त्यांना काय कळणार होतं?

बकुळेचं बोट उजव्या कडेपासून निघालं आणि या वेळी कुठेच अडलं नाही.

“बकुळेचं नाव याच शाळेत राहील,” तिने वाचलं. मग दाराकडे तोंड करून, आईला नीट ऐकू जावं म्हणून, तिने ते परत एकदा मोठ्याने वाचलं.