चार बहिणी, एक उशी

अर्धांगाचा झटका येऊन गेल्यावर आमच्या ह्यांनी तोंडातून पहिला शब्द काढला तो "ताई". तोही माझ्याकडे बघून. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर नवऱ्याने ताई म्हटलं, तर बायकोने रडावं की हसावं? मी आधी रडले. मग वॉर्डाबाहेर जाऊन इतकी हसले की नर्सला वाटलं, आता हिलाही काहीतरी झालं.

डॉक्टरांनी समजावलं की शब्द गेलेले नाहीत, खण चुकतायत. पान्याचा खण उघडायला जावं तर चमच्याचा उघडतो. आपण बोललेलं त्यांना सगळं कळतं, डोकं लख्ख आहे, फक्त बाहेर येताना शब्दांची अदलाबदल होते. उजव्या हातातली ताकद मात्र गेली होती. चालताना उजवा पाय जरा ओढला जायचा.

ह्यांना सगळे मिस्त्रीच म्हणतात. आमच्या दोन खोल्या वर आणि खाली त्यांचं गॅरेज. बंद पडलेल्या गाड्या चालू करून देणारे गल्लोगल्ली सापडतात, पण चालू गाडीला पळायला शिकवणारे आमचे हेच. वेगाचं वेड असलेली माणसं लांबलांबून गाड्या घेऊन यायची. मी वर माझ्या शिलाई मशीनवर बसलेली असायचे आणि खालून इंजिनांचं गुरगुरणं चालायचं. "तुमच्या त्या लाडक्या जरा गप्प करा!" असं मी जिन्यातून ओरडायचे. झटक्यानंतर शटर खाली आलं आणि घर इतकं शांत झालं की ती शांतता मला सोसेना.

धाकट्या भाऊजींचं फरशांचं दुकान आहे. त्यांना माल ठेवायला जागा हवी होती. माणूस वाईट नाही, भावावर जीव आहे त्यांचा. "वहिनी, दादाने आयुष्यभर लोखंड उचललं. आता त्याला बसू दे निवांत. गॅरेजची जागा मी घेतो, तुमचं बघायला मी आहे," असं ते म्हणाले. मी बरं म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते? हे बाजूच्याच खुर्चीत बसले होते. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मान खाली घातली. दुसऱ्या दिवसापासून सकाळी उठून ते खाली जायचे आणि बंद शटरपुढच्या पायरीवर बसून राहायचे. वरून त्यांचं टक्कल दिसायचं.

अशात एक दिवस दातांच्या डॉक्टरीणबाई आल्या. दिवसभर लोकांच्या दाढा काढायच्या आणि सुट्टीच्या दिवशी शर्यतीच्या ट्रॅकवर गाडी हाणायची, असा त्यांचा खाक्या. डिकीतून त्यांनी एक भलंमोठं खोकं काढून पायरीवर ठेवलं आणि म्हणाल्या, "मिस्त्री, हेडर आले. बसवणार तर तुम्हीच, नाहीतर राहू दे खोक्यातच."

हेडर म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. इंजिनाचा धूर बाहेर न्यायला कंपनीने एक ओतीव, जाडजूड, ओबडधोबड तुकडा दिलेला असतो. तो काढायचा आणि त्याच्या जागी चार सुट्या, वळणावळणाच्या, चकचकीत नळ्या बसवायच्या. धूर मोकळा निघतो, इंजिनाला दम येतो आणि गाडीचा आवाज बदलतो. ह्यांनी खोकं उघडलं, नळ्यांवरून डावा हात फिरवला आणि मला म्हणाले, "बहिणी."

"कोणाच्या बहिणी?"

त्यांनी चारही नळ्या बोटाने दाखवल्या. मग त्या चौघी पुढे जिथे एका जाड नळीत एकत्र येतात तिथे बोट ठेवलं आणि थोडा विचार करून म्हणाले, "माहेर."

आम्ही चौघी बहिणी. मी वळून जिन्याकडे बघत राहिले, कारण डॉक्टरीणबाईंसमोर मला रडायचं नव्हतं.

भाऊजींना कळलं तेव्हा ते आधी चिडले. मग म्हणाले, "ठीक आहे वहिनी. ही एक गाडी दादाने पुरी केली तर मी फरशांचं नाव काढणार नाही. पण नाही जमलं, तर शटर तुम्हीच ओढायचं, आणि मग त्याला पुन्हा आशा लावायची नाही." बोलणं कठोर होतं, पण खोटं नव्हतं. ह्यांनी ते ऐकलं आणि मान डोलावली.

एका हाताने हे काम होत नाही, हे मलाही दिसत होतं. म्हणून मी पदर खोचला आणि म्हटलं, "उजवा हात मी. सांगा."

सांगा म्हणणं सोपं होतं. "चमचा" म्हणजे पाना, हे पटकन कळलं. "बटण" म्हणजे नट, हेही शिवणाऱ्या बाईला कळायला वेळ लागला नाही. पण "मांजर" म्हणजे जॅक हे कळेपर्यंत मी दोनदा गॅरेजबाहेर डोकावून आले होते. मी मुळात तापट. "अहो, कुठलं मांजर, कसलं मांजर!" म्हणून मी ओरडायचे, आणि ते शांतपणे बोट दाखवायचे. गाडी वर उचलून टेकूवर ठेवली, पुढचं चाक काढलं. ते चाकाच्या मोकळ्या जागेशी गुडघ्यांवर बसून खालून काम करणार आणि मी वरून बॉनेटखाली वाकून, असं ठरलं.

जुन्या तुकड्याचे नट गंजून बसले होते. मी सगळा जोर लावला, तर ह्यांनी माझं मनगट धरलं. "लाड," म्हणाले. हा शब्द चुकलेला नव्हता. गंज सोडवणारं तेल घालायचं, थांबायचं, नट आधी जरासा घट्ट करायचा आणि मग हळूच उलटा फिरवायचा. पुन्हा तेल, पुन्हा थांबायचं. मी म्हटलं, "ह्या गंजक्या नटांचे एवढे लाड? माझे नाही केलेत कधी!" त्यांचे कान लाल झाले. एकेक नट निघत गेला आणि शेवटी तो ओबडधोबड तुकडा माझ्या हातात आला. इंजिनाच्या तोंडाशी काळं काहीतरी चिकटलं होतं, ते त्यांनी पात्याने खरवडून काढलं. मला वाटलं, साचलेली घाण असेल.

नव्या नळ्या त्यांनी माझ्याकडून स्पिरिटने पुसून घेतल्या. बोटांचे ठसे राहिले तर पहिल्या तापण्यात ते कायमचे भाजून बसतात, म्हणून मी पांढरे कापडी हातमोजे घालून त्या पुसल्या. त्या चौघींना न्हाऊमाखू घालावं तसं वाटत होतं.

मग मी वरून नळ्या आत सोडायला घेतल्या, तेव्हा खालून आवाज आला. "उशी."

मला काय आनंद झाला! सकाळपासून मांजर आणि बटणं ऐकल्यावर एक शब्द सरळ आला होता. बरोबरच होतं, गार फरशीवर गुडघे टेकून माणूस किती वेळ बसणार? माझ्या आधीच लक्षात यायला हवं होतं. मी धावत वर गेले, माझ्या खुर्चीतली उशी आणली आणि त्यांच्या गुडघ्यांखाली सारली. ते माझ्याकडे बघत राहिले. काहीतरी बोलायला गेले, पण शब्द मिळेना. मी कौतुकाने त्यांच्या पाठीवर थोपटलं आणि वर कामाला लागले.

नळ्या बसल्या. सगळे नट मी आधी बोटांनी फिरवून ठेवले, कपड्याला कच्चे टाके घालतो तसे, आणि मग मधून बाहेर सरकत एकेक घट्ट केला. हे मला कोणी शिकवावं लागलं नाही. घट्ट करता करता खालून पुन्हा प्रश्न आला, "उशी?"

"दिली की हो! किती वेळा सांगू?"

ते पुन्हा कामाला लागले. खालून त्यांना इंजिनाचं तोंड दिसत नव्हतं, नळ्या आड येत होत्या. त्यांनी माझ्या शब्दावर विश्वास ठेवला.

संध्याकाळी डॉक्टरीणबाई आल्या, भाऊजीही आले. ह्यांनी मलाच गाडीत बसवलं. मी किल्ली फिरवली आणि जो काही आवाज झाला, तो मी जन्मात विसरणार नाही. इंजिन फडफडत, फुसफुसत, ठकठकत होतं, जणू कोणीतरी रिकामे डबे जिन्यावरून खाली सोडलेत. बॉनेटखालून गरम धुराचा भपकारा आला. मी घाबरून इंजिन बंद केलं.

भाऊजी पुढे झाले आणि त्यांनी भावाच्या खांद्यावर हात ठेवला. "दादा, पुरे आता. एवढं केलंस तेच खूप झालं." त्यांचा आवाज ओला होता. मी गाडीतून उतरले. मला शटर दिसत होतं, त्याची खाली ओढायची कडी दिसत होती, आणि ती मलाच ओढायची होती.

ह्यांनी भाऊजींचा हात हळूच बाजूला केला. वाकून बॉनेटखाली कान नेला, इंजिन बंद असूनही. मग माझ्याकडे वळले.

"उशी?"

आता मात्र माझा तोल सुटला. "अहो, उशी उशी काय लावलंय! गुडघ्यांखाली घेऊन बसला होतात ना दिवसभर? ती बघा तिथे पडलीये!"

त्यांनी खाली पडलेल्या उशीकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग परत उशीकडे. आणि त्यांचा चेहरा हळूहळू पसरत गेला आणि ते हसायला लागले. झटक्यानंतर पहिल्यांदा. तोंडाची एक बाजू जास्त वर जात होती, डोळ्यांतून पाणी येत होतं, पण माणूस पोट धरून हसत होता. हसत हसतच त्यांनी नव्या नळ्यांचं खोकं उलटं केलं. तळातून एक चपटं पाकीट पडलं. आत चार भोकांची पातळ पट्टी होती.

डॉक्टरीणबाईंनी कपाळावर हात मारला. "गॅस्केट! गॅस्केट राहिलं! अहो, दोन लोखंडांच्या मध्ये ते बसतं, म्हणजे फटीतून धूर बाहेर येत नाही."

"उशी," हे म्हणाले आणि त्यांनी आपले दोन तळवे एकमेकांवर ठेवून दाखवले. उजवा तळवा डाव्याने धरून वर ठेवावा लागला.

ती उशी होती. इंजिनाच्या तोंडावरून खरवडून काढलेलं ते काळं म्हणजे जुनी उशीच. दोन कठीण वस्तू एकमेकींवर आपटू नयेत म्हणून मध्ये ठेवतात ती. त्यांनी तर अगदी बरोबर शब्द काढला होता, आणि मी मूर्ख बाई खुर्चीतली उशी घेऊन आले होते. "चूक माझी आहे, भाऊजी," मी म्हटलं. "ह्यांनी दोनदा मागितली. मीच दिली नाही." आणि मी तिथेच उभ्या उभ्या रडायला लागले. ह्यांनी माझा तेलकट हात धरला. "पुन्हा," म्हणाले. स्वच्छ, खणखणीत.

इंजिन गार होईपर्यंत थांबावं लागणार होतं. मी डॉक्टरीणबाईंना म्हटलं, तुम्ही जा. त्या स्टुलावर बसत म्हणाल्या, "माझ्याकडे लोक तोंड उघडं ठेवून ताटकळतात. मी तोंड मिटून थोडी थांबले तर बिघडलं कुठे?"

भाऊजींना जावंसं वाटत होतं आणि पाय निघत नव्हता. शेवटी इंजिन गार झाल्यावर मीच म्हटलं, "उभे काय राहिलात? खाली बसा आणि माहेर धरा."

"काय धरू?"

"माहेर हो! चौघी येऊन मिळतात ना, ती जाड नळी. आणि नीट धरा, फरशी नाहीये ती." इस्त्रीचा शर्ट घातलेले भाऊजी गुडघ्यांवर बसले. ह्यांनी खाली पडलेली उशी उचलून धाकट्या भावाला दिली. भाऊजींनी ती गुडघ्यांखाली घेतली आणि दोन्ही हातांनी नळी धरली.

नळ्या सोडवून बाजूला घेतल्या, आणि ह्या वेळी पट्टी मी माझ्या हाताने, नट बसतात त्या इंजिनाच्या आटेदार खिळ्यांवर बसवली आणि ह्यांना वर बोलावून दाखवली. त्यांनी डाव्या बोटाने तिच्या कडेवरून सगळीकडे चाचपून पाहिलं. मग नट, कच्चे आणि पक्के. मी पुन्हा किल्ली फिरवली.

तो आवाज कसा सांगू? खोल आणि गोल होता, कुठे एक धागा उसवलेला नव्हता. ह्यांनी डोळे मिटले. मग मला खुणेने बोलावून माझा तळवा सांध्याजवळ धरला, एकेका नळीपाशी, वाऱ्याची झुळूकही लागत नाही ना ते बघायला. कुठेच काही लागलं नाही. लागत होती ती फक्त त्यांच्या हाताची ऊब. मला हा माणूस फार, फार आवडतो. हे मी त्यांना कधी सांगितलेलं नाही, आणि त्या क्षणीही इंजिनाच्या आवाजात सांगितलं ते त्यांना ऐकू गेलं की नाही, कोण जाणे.

"फरशांसाठी मी दुसरीकडे बघतो," भाऊजी म्हणाले आणि शर्टावरचे डाग बघत निघाले. डॉक्टरीणबाईंची गाडी कोपऱ्यावरून वळून गेली तरी आवाज येतच होता.

हात धुताना ह्यांचा फोन वाजला. झटक्यापासून फोन वाजला की ते उठून दुसऱ्या खोलीत जायचे. पलीकडच्या माणसाला आपण काय म्हणून बसू, ह्याची त्यांना लाज वाटायची. आज ते जागेवरून हलले नाहीत. साबणाचा हात पुसून त्यांनी फोन उचलला आणि माझ्यापुढे धरला.

"हॅलो, गॅरेज ना? गाडी दाखवायची होती," पलीकडून कोणीतरी घाईघाईने म्हणालं. "कोण बोलतंय?"

मी ह्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी भुवया वर केल्या, तूच सांग म्हणून.

मी फोन हातात घेतला.

"मिस्त्री बोलतेय," मी म्हणाले.