जुना सात नंबर

लतिकाला मी पोस्टकार्डावर लिहिलं होतं, ‘आपल्या जुन्याच हॉटेलात उतरतो. काउंटरवर कुणाला विचारत बसू नकोस. मागच्या जिन्याने सरळ सात नंबरवर ये.’

त्या सात नंबरमध्ये आम्ही बापलेक आठ दिवस राहिलो होतो, ती बाहेरून बी.ए.ला बसली तेव्हा. आम्ही खाप्याचे, परीक्षा नागपूरला. ती वाचायची आणि मी स्टोव्हवर चहा करायचो. दोन वर्षांनी तिने लग्न केलं. मुलगा बौद्ध घरातला, रेल्वेत नोकरीला. माझा धाकटा भाऊ रुपराव दारात उभा राहून त्या घराबद्दल नाही नाही ते बोलला आणि तिला म्हणाला, "या घरात पुन्हा पाय ठेवू नको." मी तिथेच बसलो होतो. हातात पुस्तक होतं. मी पान उलटलं.

आठ वर्षांनी तिचं पत्र आलं. ‘ह्यांची बदली झाली. चौदा तारखेला बाराच्या गाडीने रायपूरला जातो. घरी येऊ नका, काका जे बोलले ते इथे कुणी विसरलेलं नाही. पण सकाळी दहानंतर बाहेर कुठे भेटेन.’ बाहेर म्हटल्यावर मला ते हॉटेल सोडून दुसरं काही सुचलं नाही.

तेरा तारखेला संध्याकाळी सीताबर्डीवर पोचलो, तर हॉटेल ओळखूच येईना. दाराला काच, आत चकचकीत फरशी, लाल रेक्झिनचा सोफा. रजिस्टरात ‘निवृत्त शिक्षक’ लिहून मी सात नंबर मागितला.

"सात आता कुठं राहिला, गुरुजी?" मॅनेजर हसला. "सगळं नवीन केलं मालकानं. नंबर आता एकशे एकपासून. तुम्हाले दोनशे चार देतो. संडास-बाथरूम आतच!"

मी किल्ली घेतली. तिला नवा नंबर कळवणार कसा? घरी जायची मनाई होती. रात्रभर वाटत राहिलं, की त्या कार्डावर ‘हॉटेलच्या दाराशी’ एवढंच लिहिलं असतं तर काय बिघडलं असतं? पण मला नेहमी जास्तीचं लिहायची खोड.

सकाळी साडेनऊलाच मी पहिल्या मजल्यावर मागच्या जिन्याजवळ जाऊन उभा राहिलो. जुना सात नंबर तिथेच होता. दारावरचा सातचा आकडा खरवडलेला, तरी दिसत होता. आत आता चादरी-उशा ठेवत. मी पाच-दहा मिनिटं उभा असेन, तेवढ्यात मॅनेजर आला.

"इथं काहून उभे हो, गुरुजी? फॅमिलीवाले लोक येऊन-जाऊन राहिले. बायांले बरं नाही वाटत. खाली सोफ्यावर बसा न!"

माझी मुलगी यायची आहे, एवढंच सांगायचं होतं. चार शब्द. पण ‘बायांले बरं नाही वाटत’ ऐकून मी असा ओशाळलो, की तोंडून फक्त "बरं" निघालं.

खाली सोफ्यावर पुढच्या दाराकडे तोंड करून बसलो. ती मागून येणार हे ठाऊक असूनही बसलो. दोनदा उठलो, दोनदा मॅनेजरने मान वर करून पाहिलं. मनाला समजावलं, की ती वर कुणाला तरी विचारेल आणि खाली येईल. अकरा वाजले. बारा वाजले. सव्वाबाराला मी वर गेलो.

चादरींच्या खोलीचं दार उघडं होतं. झाडूपोछा करणारी प्रयागबाई घड्या घालत होती.

"इथं कोणी बाई आली होती का हो?"

"आल्ती ना! साडेदहाले. कडेवर लेकरू होतं. दार ठोकून राहिली होती बिचारी. म्या म्हटलं, अवं, आत चादरीच हायेत, कोन उघडन तुले?"

"मग?"

"मंग का? म्हने, बाबांनी सातच लिवलं. जिन्यावर बसली थोडा येळ. मंग म्हने, नसतीन आले ते. अन् गेली." तिने माझ्याकडे निरखून पाहिलं. "तुमची पोरगी का, बाबाजी? मंग मले सांगून नसतं का ठेवलं?"

खोलीवर येऊन मी रायपूरला, जावयाच्या ऑफिसच्या पत्त्यावर, कार्ड लिहायला घेतलं. ‘मी आलो होतो. खोल्यांचे नंबर बदलले आहेत.’ वाचून पाहिलं आणि माझाच विश्वास बसेना. तीस वर्षं वर्गात असल्या सबबी ऐकल्या. सायकल पंक्चर झाली, नदीला पूर आला. प्रत्येकाला एकच सांगायचो, दाखला आण.

मी काउंटरवर गेलो. "मला एक दाखला हवा. सात नंबर बंद झाला आणि तेराला मी इथे उतरलो, एवढाच. शिक्क्यासह."

मॅनेजरने पेन खाली ठेवलं. "हॉटेलात राहिल्याचा दाखला? कोनाले दाखवता?"

"घरी."

"घरच्यांचा भरोसा नाही का तुमच्यावर? या वयात, गुरुजी!" तो मोठ्याने हसला, मग माझं तोंड पाहून थांबला. "देतो हो. पण शिक्का मालकाजवळ. ते पाचाले येतीन. तवर बसा न सोफ्यावर."

मी बसलो. समोर पुढचं दार होतं.