बांधावरची किडकी वांगी

"भावजी, ही वांगी माझ्या बांधावर कुणी टाकली?"

"टाकली असतील कुणीतरी," पंपात औषध ओतता ओतता दीर म्हणाला. त्यानं मानसुद्धा वर केली नाही. गावात सगळे त्याला भडक्या म्हणायचे, आणि ते काही उगाच नव्हे.

थोरलीनं ढिगातलं एक वांगं उचलून मोडलं. आत गुलाबी अळी वळवळत होती. तिनं ते थेट त्याच्या नाकासमोर धरलं.

"आठ-दहा दिवसांत हिची पाकोळी होईल आणि माझ्या झाडांवर अंडी घालेल. मी रोज उजाडताच कीड लागलेले शेंडे खुडते, बोटांची सालटी निघाली, ते काय हौस म्हणून?"

"मग औषध मारा की. मी मारतो चार दिवसाआड."

"मारता, आणि अळी फळात बसून तुम्हाला हसते. आत शिरली की तिला कसलं औषध लागतंय? किडकं फळ खड्ड्यात पुरायचं असतं, दुसऱ्याच्या बांधावर फेकायचं नसतं."

"ते डबे लटकवून शहाण्या झालात होय?" त्यानं तिच्या वांग्यांत काठ्यांना टांगलेल्या सापळ्यांकडे हात केला. नर पाकोळ्या आत ठेवलेल्या मादीच्या वासाला भुलून त्यांत अडकायच्या. रोज सकाळी थोरली त्या मोजायची. "दादा ट्रकवर आहे म्हणून जीभ फार चालतेय, वहिनी."

थोरलीनं सगळा ढीग पाटीत भरला आणि त्याच्या रानात नेऊन ओतला.

भडक्यानं फावडं उचललं. एका ढांगेत बांध ओलांडला आणि दांड्यानं पहिला सापळा उडवला. मग दुसरा. तिसऱ्याला थोरलीनं मागून त्याचा सदरा धरला. तो गर्रकन वळला, दांडा तिच्या उजव्या मनगटावर बसला आणि कडकन आवाज झाला. दुखणं जाणवायच्या आतच तिनं डाव्या हातानं बांधावर ठेवलेल्या पंपाची पितळी नळी हिसकली आणि त्याच्या कानशिलावर हाणली. कान फाटला. तो गुडघ्यावर आला, तरी तिनं आणखी एक ठेवून दिली. भेगाळलेल्या मातीवर रक्ताचे थेंब पडत होते आणि पडल्या पडल्या जिरत होते.

त्याची बायको, धाकटी, ओरडत आली आणि मध्ये पडली. नवऱ्यानं पहिला ठोसा तिलाच दिला.

"तू कुणाची गं? माझी का तिची?"

शेजारचा ट्रॅक्टरवाला धावत आला म्हणून निभावलं. त्यानंच थोरलीला दवाखान्यात नेलं.

हात प्लास्टरमध्ये, तरी दुसऱ्या दिवशी ती रानात हजर. डाव्या हातानं शेंडा धरावा तर कापायचा कशानं? दातांनी तोडायला लागली. दिवसभरात तीन सऱ्या कशाबशा झाल्या. उरलेल्या झाडांचे शेंडे माना टाकून उभे होते.

चौथ्या दिवशी पाहते तर पलीकडच्या सऱ्या कुणीतरी खुडून ठेवलेल्या. वाकून पाहिलं, तर झाडांआड धाकटी. ओठ अजून सुजलेला.

"अगं, त्यांना कळलं तर मारतील तुला."

"चहात साखर कमी पडली तरी मारतात, ताई. आज निदान कामासाठी मार खाईन म्हटलं." ती उठली. "आमच्या रानातली किडकीसुद्धा वेचून ठेवलीत. खड्डा किती खोल घ्यायचा ते सांगा."

"हातभर तरी."

भडक्याच्याच रानात धाकटी कुदळ घेऊन भिडली. ऊन डोक्यावर आलं, माती दगडासारखी, पण बाईनं दम घेतला नाही. खड्डा हातभर झाला, दोन हात झाला, तरी ती खणतच राहिली.

"पुरे गं," थोरली म्हणाली, तेवढ्यात तो आला. कानाला पट्टी, हातात काठी.

"माझ्या रानात कुणाला विचारून खणलंस?"

धाकटी खड्ड्यातून वर आली. कुदळ तिच्या हातातच होती. थोरलीनं डाव्या हातात दगड घेतला.

"मारा," धाकटी म्हणाली. तिचे पाय जागचे हलले नाहीत. "पण आज मीपण मारणार. खड्डा झालाय खोदून. त्यात नुसती वांगी जायची की आणखी काही, ते तुम्ही ठरवा."

त्यानं काठी उगारली. तिनं कुदळ उचलली. तो थोरलीकडे बघे, बायकोकडे बघे, कुदळीच्या पात्याकडे बघे. शेवटी काठीच आधी खाली आली. तो पचकन थुंकला आणि वाटेला लागला.

तो दिसेनासा झाला तशी धाकटी मटकन खाली बसली.

"बसू नको," थोरली तिला उठवत म्हणाली. "अळ्या बाहेर निघायला लागल्यात बघ."

दोघींनी वांगी पायांनी खड्ड्यात लोटली, माती ओढली आणि वर चढून तुडवायला लागल्या. जमीन सपाट झाली तरी धाकटी थांबेना. दातओठ खात, डोळ्यांतून पाणी गळत, टाचा आपटत राहिली.

थोरली बाजूला झाली, पण तिनं तिला थांबवलं नाही.