धारूरच्या घाटात मी कडकच राहिलो

मित्रांनो, मी एका मोटारीचा जुना शॉकअप आहे. मागच्या उजव्या चाकापाशी माझी जागा. खड्डा आला की स्प्रिंग नाचू लागते. तिला आवरणे हे माझे काम. माझ्या खालच्या टोकाला एक बटण आहे. ते उजवीकडे फिरवले की मी कडक होतो, डावीकडे फिरवले की मऊ. कौतुकाच्या गोष्टी सगळेच सांगतात. मला मात्र माझी लाजेची गोष्ट सांगायची आहे.

माझ्या मालकीणबाई पाटोद्याच्या विजयमालाताई. घरी मोठी शेती, पण त्यांचा जीव गाडीत आणि गाड्यांच्या शर्यतीत. आम्हा चार भावांना गाडीला बसवले ते धुळाजी मिस्त्रींनी. त्यांनी तेव्हाच बजावले होते, "ताई, शर्यतीच्या गुळगुळीत रस्त्याला कडक, अन् आपल्या रस्त्याला मऊ. कडक चाक खड्ड्यात जमीन सोडतंय बघा."

पहिल्याच शर्यतीत आम्ही चौघे कडक होतो आणि वळणावर गाडी जराही कलली नाही. ताईंनी खाली वाकून आम्हाला "शाब्बास!" म्हटले. तेव्हापासून मला वाटू लागले, कडकपणा म्हणजेच मोठेपणा.

घरी आल्यावर ताईंनी तिघा भावांना मऊ केले. माझ्या बटणात वाटेतला चिखल वाळून घट्ट बसला होता. दोनदा जोर लावून त्या म्हणाल्या, "राहू दे, एकानं काय होतंय?"

खरे सांगतो, मला आनंदच झाला.

दुसऱ्या दिवशी आम्ही धारूरच्या घाटात होतो. एका वळणावर डांबर उखडले होते. भाऊ खड्ड्यात अलगद उतरले. मी ताठ राहिलो. माझे चाक जमीन सोडून उचलले गेले आणि गाडीचा मागचा भाग घसरत कडेला गेला. तिथून तात्याबा आणि साखराबाई हे नवरा-बायको मेंढ्या घेऊन चालले होते. एका मेंढीला धक्का बसला.

"अवो बाई, गाभण हाय ती!" तात्याबा ओरडले.

ताई गाडीतून धावत उतरल्या. "बसा बाबा, जनावरांच्या दवाखान्यात नेऊ."

साखराबाई कळपापाशी थांबल्या. तात्याबा मेंढीला मांडीवर घेऊन मागे बसले, नेमके माझ्या वर. प्रत्येक खड्ड्याला मी दणका देई आणि ती कण्हत असे.

"बाई, या अंगानं लई हादरतंय. तिला सोसंना."

ताईंनी गाडी थांबवली. चाकामागे हात घालून पान्याच्या टोकाने चिखल खरवडला. बोटे सोलली, तेव्हा कुठे बटण डावीकडे फिरले आणि मी मऊ झालो.

"बाबा, चूक माझी आहे. मला ठाऊक होतं, तरी मी तसंच सोडलं."

"आधी चला," तात्याबा एवढेच म्हणाले.

मेंढीच्या पायाला प्लास्टर बसले. ती वाचली. पोटातले कोकरू मात्र गेले. घाटात परतल्यावर ताई साखराबाईंसमोर मान खाली घालून उभ्या राहिल्या. साखराबाई मेंढीला कुरवाळत म्हणाल्या, "मुकं जित्राब बोलत न्हाई, बाई. आपुनच बघावं लागतं."

त्या दिवसापासून ताई मला दर आठवड्याला पुसतात, फिरवून पाहतात. मी निमूट फिरतो. पण कोणी माझे कौतुक केले, की मला ते कण्हणे ऐकू येते.

मित्रांनो, अडकलेली गोष्ट 'राहू दे' म्हणून सोडू नका. आणि आपल्या ताठपणाचा अभिमान वाटला, तर त्याचा दणका कोणाला बसतो आहे, एवढे जरूर पाहा.