ब्रेकमधली हवा

लग्नानंतर दोनच वर्षांनी तिच्यावर सवत आली. लाल, बुटकी, जेमतेम दोन माणसं मावतील अशी स्पोर्ट्‌स कार. नवऱ्याने ती भंगारातून उचलून आणली, एकेक बोल्ट जमवत उभी केली, आणि घरी पाहुणे आले की तो आधी गॅरेज दाखवायचा, मग बैठकीची खोली. ती कुरकुरायची, पण सवतीच्या सेवेला तीही जुंपली गेलीच. ब्रेक ऑइल बदलायला दोघं लागतात, एक चाकापाशी आणि एक पेडलवर. पेडलवर कायम ती.

नवरा ड्रायव्हिंग स्कूल चालवायचा. त्याच्या तोंडाचा पट्टा एकदा सुरू झाला की शिकणाऱ्याला घाम फुटायचा. झोपेतही तो कुणाला तरी वळणावर हॉर्न वाजवायला सांगायचा. बायकोला मात्र त्याने गाडी शिकवली नाही. पहिल्याच दिवशी संसार मोडायची वेळ आली, तेव्हा दोघांनी शहाणपणाने तो विषय बंद केला. त्यामुळे तिला गाडीतलं एकच पेडल येतं.

अशा माणसाची वाचा गेली. थंडीच्या सुरुवातीला मेंदूत रक्ताची गुठळी झाली. उजवा हात हळूहळू वळायला लागला, पाय चालायला लागले, पण बोलणं काही परत आलं नाही. बोलणं शिकवायला येणाऱ्या बाई त्याच्यासमोर चित्रांची कार्डं धरायच्या, कप, छत्री, मांजर. त्याला सगळं कळायचं. ओठ हलायचे, शब्द तिथपर्यंत येऊन अडायचा, आणि तो मान फिरवून घ्यायचा. ज्या बडबडीला ती उभा जन्म वैतागली, तिच्यासाठीच आता तिचा जीव तळमळायचा. एकदा तरी त्याने ‘अगं’ म्हणावं, एवढंच तिचं मागणं होतं.

रविवारी लेक आली. बॉनेट उघडून ब्रेक ऑइलच्या टाकीत डोकावली.

“आई, हे पार काळं पडलंय गं. पाणी धरलंय यात. ऐन उतारावर ब्रेक दगा देतील. मी सर्व्हिसवाल्यांना सांगते, घेऊन जातील गाडी.”

आत खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. तो बाहेर आला, फळीवरून पाना घेतला, पारदर्शक नळी घेतली, रिकामी बाटली घेतली, आणि बायकोकडे बघून पेडलकडे बोट दाखवलं.

“झालं,” ती म्हणाली, “सवतीला परपुरुषाचा हात लागलेला चालायचा नाही.”

लेकीने जॅकने गाडी उचलून स्टँड लावले, चाकं काढली आणि नवं ऑइल ओतायला टाकीपाशी उभी राहिली. “बाबा, शेवटी मी सगळं तपासणार हां,” तिने बजावलं.

या कामाला शब्द तीनच. त्याने ‘दाब’ म्हटलं की तिने पेडल मारत राहायचं. ‘धर’ म्हटलं की पाय रोवून ठेवायचा. मग तो ब्रेकवरचा छोटा नट सैल करणार, जुनं ऑइल नळीतून बाटलीत येणार, नट आवळला की ‘सोड’. त्याआधी पाय उचलला तर हवा आत ओढली जाते आणि केलेलं सगळं पाण्यात. इतक्या वर्षांत तिचा पाय कधी चुकला नव्हता.

आता शब्दांऐवजी तो पान्याने स्टँडवर टकटक करत होता. मागची दोन्ही चाकं तशीच झाली. पुढच्या चाकाशी मात्र बाटली कलंडायला लागली. एका हातात बाटली, दुसऱ्यात पाना, ठोकायला हात कुठला? तिने पेडल मारलं आणि ती थांबली.

“धर.”

आवाज जाड होता, थोडा घसरलेला, पण त्याचाच होता. तिने धरलं. नट सैल झाला, पेडल खाली जायला लागलं, आणि मग तिच्या डोक्यात प्रकाश पडला. “अहो, काय म्हणालात?” म्हणत ती दारातून अर्धी बाहेर वाकली. पाय उचलला गेला. नळीत बुडबुडे खदखदले.

त्याने नट आवळला.

“अगं,” तो म्हणाला. मग बराच वेळ शब्द शोधत राहिला. “हवा. हवा घेतलीस ना.”

लेकीच्या हातातला डबा तसाच राहिला. बायकोच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि ती हसत होती. “चुकलं हो माझं. पहिल्यापासून करू.”

“दाब,” तो म्हणाला.

पुन्हा दाब, धर, सोड. बुडबुडे गेले, काळं ऑइल संपलं, नळीतून मधासारखं स्वच्छ यायला लागलं. तरी ती पेडल मारतच होती.

“आई, पुरे आता,” लेक म्हणाली. “हवा कधीच निघून गेली.”

“तुला काय कळतंय? असेल अजून थोडी.”

नळी तर त्याच्याच डोळ्यांसमोर होती. त्याने बाटली नीट धरली.

“दाब,” तो म्हणाला.