कायदेशीर तेल

आमच्या विराबिला गावाच्या रस्त्यावर समोरून गाडी आली की स्टिअरिंगवरचं एक बोट उचलायचं, ओळख असो वा नसो. आणि समोरच्यानं भर दिवसा दोनदा दिवे मारले तर समजायचं, पुढे पोलीस उभे आहेत. मग ज्याच्या पोटात बियर असेल किंवा ज्याचे टायर गुळगुळीत झाले असतील, तो मुकाट्यानं वळून मेंढ्यांच्या जुन्या वाटेनं धूळ उडवत निघून जातो. ही रीत आमच्याकडे रविवारच्या प्रार्थनेपेक्षा नेमानं पाळली जाते. नोलीन हॅगर्टीही शेजारधर्म म्हणून दुसऱ्यांना दिवे मारायची. स्वतः मात्र ती कधी त्या वाटेला वळली नव्हती, कारण वळावं असं तिनं कधी काही केलंच नव्हतं.

बाई नाकासमोर चालणारी. शाळेच्या उपाहारगृहात उभा जन्म काढला, अर्ध्या गावाला सॉसेज रोल खाऊ घातले, आणि उरलेले घरी नेले नाहीत. नवरा क्लॅरी लोकर कातरणारा, हातात मेंढी आली की आधी तिच्याशी दोन शब्द बोलणारा. आता तो विराबिलाच्या वृद्धाश्रमात होता. बायकोचं नाव तो विसरला होता, पण हात विसरला नव्हता. दुसऱ्या कुणी चमचा पुढे केला की ओठ गच्च मिटायचा, आणि नोलीननं केला की पिल्लासारखा आ वासायचा. म्हणून ती रोज दुपारी शेतावरून गाडी काढायची, घरच्या जर्दाळूंचा मुरांबा कस्टर्डात कालवायची आणि त्याला भरवायची. बस त्या रस्त्याला कधीच नव्हती. नोलीनची गाडी चालली तरच क्लॅरीचं जेवण व्हायचं.

अशात तिला नागीण झाली. उजव्या खांद्यापासून छातीवर फोड उठले, खपल्या धरल्या, गेले. कळा मात्र गेल्या नाहीत. वर्ष उलटलं तरी ब्लाउजचं कापड लागलं की आतून कुणीतरी पेटती काडी लावल्यासारखं व्हायचं, आणि गाडीचा पट्टा नेमका तिथूनच जायचा. पट्ट्याखाली मेंढीच्या कातड्याचा तुकडा घालून ती दात आवळून गाडी हाकायची.

गावच्या डॉक्टरांनी कळांवर जोरकस गोळ्या दिल्या. त्यांनी कळा थोड्या कमी झाल्या आणि नोलीन पुष्कळ कमी झाली. दुपारी बारा वाजता जांभया, जिभेवर कापूस, डोक्यात ओलं गवत. एकदा स्वतःच्याच फाटकाजवळची पत्रपेटी तिनं उडवली आणि घरात जाईपर्यंत तिला पत्ता नव्हता. शेजारचा लॉकी डन ती पेटी उचलून घेऊन आला.

"नोलीन, पत्रपेटीनं काय घोडं मारलं होतं तुझं?"

"गोळ्या रे. उभ्या उभ्या झोपवतात मला."

"मग फेक त्या. माझ्या पाण्याच्या टाकीमागे टोमॅटोच्या रांगेत उभीच आहेत की झाडं. घेऊन जा चार पानं, फुकट."

"लॉकी, लायब्ररीचं पुस्तकसुद्धा मी कधी उशिरा दिलं नाही. या वयात चोरून गांजा ओढू होय?"

"चोरून कुठला? घरचा आहे!"

पण त्याच्या बोलण्यावरून तिला एक गोष्ट आठवली. गांजाचं औषध आता डॉक्टरच्या चिठ्ठीवर मिळतं, सरळ मार्गानं मिळतं, असं तिनं रेडिओवर ऐकलं होतं. ती गावच्या डॉक्टरांकडे गेली.

"कायद्यानं मी लिहून देऊ शकतो," ते म्हणाले, "पण देणार नाही. मला त्यातलं कळत नाही, आणि शिकायला वेळ नाही. गोळ्या वाढवून देऊ का?"

मग तिनं शहरातला एक दवाखाना शोधला, फोनवर तपासणारा. घरी रेंज नाही, म्हणून ती गाडी घेऊन टेकडीवर गेली. लिपस्टिक लावली, मोत्याच्या कुड्या घातल्या, फोन स्टिअरिंगला टेकवला आणि ताठ बसली. आधी नर्सनं चौकशी केली, दुखणं किती जुनं, कुठकुठली औषधं घेऊन झाली, हृदयाचा त्रास आहे का, घराण्यात कुणाला वेड लागलं होतं का. मग डॉक्टरीणबाई आल्या. चांगल्या होत्या. घाई केली नाही. रात्री झोपताना जिभेखाली इतके थेंब, हळूहळू वाढवायचे, असं समजावून सांगितलं.

"आणि गुंगी असेल तर गाडी चालवायची नाही. गाडीचं कायद्यानं काय ते मात्र नीट बघून घ्या, प्रत्येक राज्याचं वेगळं आहे."

नोलीननं मान डोलावली. गुंगीत गाडी चालवू नये हे तर गोळ्यांच्या डबीवरही छापलेलं होतं. आणि कायद्याचं काय बघायचं? डॉक्टरनं लिहून दिलेलं औषध म्हणजेच कायदा, अशी तिची समजूत. सगळं आयुष्य नियमानं काढलेल्या माणसाचीच अशी समजूत असते.

औषधाच्या दुकानदारानं शहरातून बाटली मागवली. ती आली तेव्हा त्यानं मागच्या खोलीतून ओरडून विचारलं, "नोलीन, तुझं गांजाचं तेल ना?" रांगेतल्या बायकांनी माना वळवल्या. नोलीननं हनुवटी वर केली आणि मोठ्यानं म्हणाली, "हो, माझंच. डॉक्टरनं दिलंय." तिला खरंच अभिमान वाटला होता. बाटलीवर तिचं नाव छापलेलं होतं, डॉक्टरचं नाव होतं, सगळं उजळ माथ्यानं चाललं होतं.

आणि तेल लागू पडलं. पहिल्या महिन्यात कळा अर्ध्यावर आल्या. रात्री झोप आणि दिवसा जाग, हे माणसाचं साधं सुख तिला परत मिळालं. मेंढीचं कातडं तिनं पट्ट्याखालून काढून मागच्या सीटवर टाकलं. क्लॅरीला भरवताना ती पुन्हा गाणी म्हणायला लागली, आणि तो एका दुपारी तिच्या हातावर बोटानं ताल धरून बसला होता.

त्या मंगळवारी ती कस्टर्डचा डबा शेजारच्या सीटवर ठेवून निघाली होती. समोरून लॉकीची गाडी आली. त्यानं दोनदा दिवे मारले. मग बोट न उचलता पुन्हा मारले, आणि बाजूनं जाताना खिडकीतून हात काढून मेंढ्यांच्या वाटेकडे जोरजोरात दाखवला. नोलीनला हसू आलं. कर नाही त्याला डर कशाला? तिनं मान हलवली आणि सरळ गेली.

पुलाच्या अलीकडे पोलीस उभे होते. त्यातला एक डेक्लन पिम. हा लहानपणी उधारीवर सॉसेज रोल खायचा.

"कशा आहात, मिसेस हॅगर्टी? जरा जीभ पट्टीवर फिरवा. सगळ्यांचीच करतोय."

"फिरवते की. आणि ऐक डेक्लन, मी गांजाचं तेल घेते हं. रात्री. डॉक्टरचं." तिनं पर्समधून बाटली काढली आणि नाव त्याच्याकडे करून धरली. "हे बघ."

डेक्लननं बाटलीकडे बघितलं आणि त्याचा चेहरा पडला. "हे कशाला सांगितलंत," तो हळूच म्हणाला.

पट्टीवर रेघ उमटली. तिला व्हॅनमध्ये नेऊन पुन्हा थुंकी घेतली.

"पण मी शुद्धीत आहे की रे! विचार काय विचारायचं ते. उलटे आकडे म्हणू? एका पायावर उभी राहू?"

"कायदा तसं विचारतच नाही हो. तुम्हाला गाडी नीट चालवता येते का, हा प्रश्नच नाही. ते थुंकीत आहे का नाही, एवढंच."

"आणि चिठ्ठी?"

"चिठ्ठी असली म्हणजे औषध जवळ ठेवता येतं. घेता येतं. घेऊन गाडीत बसलात तर चिठ्ठी चालत नाही."

"म्हणजे त्या गोळ्या खाऊन मी पत्रपेटी उडवली ते चालतं?"

"त्या गोळ्या या पट्टीला दिसत नाहीत," डेक्लन म्हणाला. त्याला तिच्याकडे बघवत नव्हतं.

आजचा दिवस गाडी चालवायची नाही, असं त्यानं सांगितलं. नमुना प्रयोगशाळेत जाईल, पुढचं तिथून. ती रस्त्याच्या कडेला उभी राहिली, हातात डबा. बघता बघता जेवणाची वेळ टळली. डेक्लननं कुणाची तरी गाडी थांबवून तिला घरी पोचतं केलं, गावाच्या उलट दिशेला. क्लॅरी त्या दुपारी तसाच राहिला.

काही आठवड्यांनी तीन महिन्यांसाठी लायसन्स गेलं. लॉकी तिच्या ओट्यावर येऊन बसला.

"अगं, चारदा दिवे मारले तुला! चारदा!"

"मला वाटलं ते चोरांसाठी असतात."

"तू कायद्यानं घेतेस म्हणून तुला कायदा माहीत नाही. मला सगळा पाठ आहे." तो हसला. तिला हसू आलं नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. पण त्यात चोराचा तरी काय दोष? मंगळवारी आणि शुक्रवारी आपलं काम सोडून तिला गावात क्लॅरीकडे नेणारा तोच एक होता.

त्याच्या गाडीत हिरवट, उग्र वास यायचा आणि कुत्रा तिच्या मांडीवर डोकं ठेवायचा. एकदा समोरून दुधाच्या टँकरनं दिवे मारले. लॉकी मेंढ्यांच्या वाटेला वळला. गचके बसत होते, धुळीनं काच माखली होती, आणि नोलीन डबा पोटाशी धरून बसली होती.

"पोलिसांना चुकवणाऱ्याच्या गाडीत बसलीस," लॉकी म्हणाला. "आता झालीस खरी गुन्हेगार."

"गप बस आणि गाडी पळव," ती म्हणाली. "त्याचं जेवण गार होतंय."

ते पोचले तेव्हा ताटं उचलून झाली होती. वृद्धाश्रमात काम करणारी नेपाळची बिमला दारातच भेटली. "खूप समजावलं हो, नोलीन. ओठच उघडत नाहीत. काल डॉक्टर नळीनं भरवायचं म्हणत होते." क्लॅरीच्या मनगटावरचं घड्याळ कोपरापर्यंत सरकत होतं. नोलीननं त्याला पाच चमचे भरवले, आणि लॉकीला मेंढ्या आत घ्यायच्या होत्या म्हणून उठली. आठवड्यातले दोन दिवस तो असा जेवायचा. बाकीचे दिवस ओठांना लावलेल्या दोन घोटांवर निघायचे.

तिला राग आला होता आणि तो कुणावर काढायचा हेच कळत नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलंच होतं. डेक्लननं नोकरी केली. दुकानदारानं बाटली दिली. सगळे कायद्यानं वागले होते, तीसुद्धा. आणि त्या सगळ्या कायद्याखाली एक म्हातारा उपाशी मरत होता.

लायसन्स परत यायच्या आधीच तिनं तेल सोडलं, कारण ते थुंकीत किती दिवस राहील याची खात्री कुणीच देईना. आठवड्याभरात कळा परतल्या. लायसन्स परत मिळालं आणि मेंढीचं कातडं पुन्हा पट्ट्याखाली आलं. पण नुसत्या कळा घेऊन गाडी हाकता येईना, स्टिअरिंग वळवायला उजवा हात उचलेना. इकडे आड, तिकडे विहीर. ती गावच्या डॉक्टरांकडे गेली. त्यांनी मान वर न करता गोळ्या लिहून दिल्या, आधीपेक्षा मोठ्या.

"गाडी चालवली तर चालेल ना?" तिनं विचारलं.

"झोप येत नसेल तर," ते म्हणाले.

पुलाजवळ पुन्हा डेक्लन उभा होता. कुणी दिवे मारले होते की नव्हते, तिच्या ध्यानात आलं नव्हतं. तिनं जीभ बाहेर काढली. तोंडाला कोरड होती, पट्टी ओली व्हायला वेळ लागला.

"स्वच्छ!" डेक्लन म्हणाला. त्याला मनापासून आनंद झाला होता. "शाब्बास, मिसेस हॅगर्टी. सावकाश जा."

तिला त्याला नावानं हाक मारायची होती. नाव आठवेना. तिनं बोट उचललं आणि निघाली. पुढच्या वळणावर चाकाखाली खडी वाजली तेव्हा ती दचकून जागी झाली, गाडी डांबर सोडून कडेला उतरली होती. तिनं ती वर घेतली. वेळेत पोचायचं होतं, आणि ती वेळेत पोचली.

क्लॅरी खिडकीपाशी खुर्चीत होता. इतका वाळला होता की सदरा त्याचा वाटत नव्हता. तिला बघून त्यानं लगेच आ वासला. तिनं डबा उघडला, जर्दाळू कालवले, पहिला चमचा दिला. त्यानं गिळला. दुसरा दिला. खोलीत ऊन आलं होतं, उबदार. तिनं तिसरा चमचा भरून उचलला.

"नोलीन," बिमला तिचा खांदा हलवत होती. "अहो नोलीन."

तिनं डोळे उघडले. खिडकीतलं ऊन भिंतीवर गेलं होतं. कस्टर्डवर जाड साय धरली होती. चमचा तिच्या हातातच होता, मांडीवर कलंडलेला, झग्यावर पिवळा डाग.

"मला वाटलं दोघं विश्रांती घेताय," बिमला म्हणाली, "म्हणून उठवलं नाही."

नोलीननं वर पाहिलं. क्लॅरी तिच्याकडेच बघत होता. त्याची हनुवटी थरथरत होती, ओठ कोरडे पडले होते. तो अजून तोंड उघडून बसला होता.